बाहुल्यांची हौस आणि बाकीचे छंद: एका घरात दोन्ही कसे नांदवायचे

बाहुल्या जमवणाऱ्याकडे आधीचा एखादा छंद बहुधा असतोच. कुणाची शिलाई मशीन असते, कुणाचा कॅमेरा, तर कुणी दर दिवाळीला दारात किल्ला करतो. गडबड होते ती बाहुली आधी घेऊन तिच्यासाठी नवं काम शिकायला बसल्यावर. मग कपाटात बाहुल्या कमी आणि अर्धवट कामंच जास्त दिसायला लागतात. म्हणून क्रम उलटा धरा. हातात जे काम आधीच बसलंय, त्याला साजेशी बाहुली घ्या.

शिवणकाम येत असेल तर साडेअकरा-बारा इंचाची, हातपाय हलणारी व्हिनाइलची (मऊ प्लास्टिकची) बाहुली घ्या. रंगकाम येत असेल तर लाकडी किंवा मातीची. फिरायची आवड असेल तर त्या त्या गावच्या कारागिरांनी केलेली. जुन्या वस्तू, नाणी, तिकिटं जमवणाऱ्याने जुनी ठकी (पारंपरिक लाकडी बाहुली), भातुकली, कापडी बाहुल्या याच वाटेने जावं, कारण नोंदी ठेवायची आणि वस्तू पारखायची सवय त्याला आधीच असते. दिल्लीचं आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय 1965 साली सुरू झालं. ते उभं केलं व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी. देशोदेशीच्या बाहुल्या जमल्या, पण चित्रं आणि मुलांच्या स्पर्धा ही त्यांची मूळ कामं सुटली नाहीत. आपल्या घरातही तेवढंच साधायचं आहे.

आधी माप ठरवा

शिवण, दागिने, भातुकली, फोटो हे सगळं एकमेकांशी जुळायचं असेल तर एक माप पक्कं करा. बार्बी 1959 साली आली तेव्हापासून ती साधारण साडेअकरा इंचाचीच आहे, म्हणजे 29 सेंटीमीटर. हे माणसाच्या सहाव्या हिश्शाचं माप. या मापाच्या बाहुल्या, त्यांचे स्टँड आणि सामान सहज मिळतं, त्यामुळे सुरुवातीला हेच बरं.

हिशेब सोपा आहे. दुकानात बारीक पितळी तांब्या दिसला की त्याची उंची सहाने गुणा. अडीच सेंटीमीटरचा तांब्या म्हणजे खरा पंधरा सेंटीमीटरचा, चालेल. पाच सेंटीमीटरचा घेतलात तर बाहुलीच्या हातात तो कळशीएवढा दिसेल. भातुकलीच्या संचात तवा, पातेली, जातं यांची मापं आपापसात जुळलेली नसतात, त्यामुळे पट्टी बरोबर ठेवा आणि सगळा संच न घेता जुळतात तेवढेच नग सुटे मिळतात का ते विचारा.

एका घरात दोन मापं ठेवायला हरकत नाही, पण ती एका फळीवर नकोत. बारा इंची बाहुलीशेजारी चार इंची मावळा उभा केला की दोघांचीही शोभा जाते.

शिवणकाम: बाहुलीची नऊवारी

शिवणाऱ्याला बाहुल्यांचा छंद सगळ्यात स्वस्त पडतो. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडच्या आसपास ब्लाउज शिवणाऱ्यांकडे कातरणाची पोती भरलेली असतात. नेहमीच्या टेलरला सांगून ठेवा. फक्त सुती, पातळ कातरण घ्या. जाड पैठणीचा तुकडा हाताला कितीही भारी लागला तरी बाहुलीच्या अंगावर तो सतरंजीसारखा उभा राहतो.

खरी नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. सहाने भागलं की 137 सेंटीमीटर येतात. पण कापडाची जाडी सहाने भागली जात नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. पूर्ण 137 सेंटीमीटर नेसवली की निऱ्यांचा गठ्ठा होतो आणि बाहुलीचं पोट सुटल्यासारखं दिसतं. म्हणून लांबी 105 सेंटीमीटरवर आणा. पन्हा 19 सेंटीमीटर ठेवा. काठ खऱ्या साडीत तीन इंची असेल तर इथे 12 मिलीमीटर. तेवढ्या रुंदीची मऊ लेस घ्या. जरीची ताठ लेस निऱ्यांना वळू देत नाही.

कापड मलमलचंच. कापण्याआधी धुऊन खळ काढा. मग असं करा:

1. बाहुलीला आधी पांढऱ्या सुती कापडाची आखूड चड्डी आणि ब्लाउज घाला. साडीचा रंग अंगाला लागू नये म्हणून हे लागतंच.

2. साडी कमरेभोवती गुंडाळून पुढे गाठ मारा. याला साधारण 15 सेंटीमीटर जातात. गाठ फुगत असेल तर ती सोडून द्या आणि आत बारीक सुती नाडी बांधून त्यात साडी खोचा.

3. पदर आधी मोजा, निऱ्या नंतर. पाठीमागून उजव्या काखेखालून छातीवरून डाव्या खांद्यावर आणि मागे गुडघ्यापर्यंत, असा 40 सेंटीमीटर पदर लागतो. पदर खांद्यावर तात्पुरता टाचा.

4. उरलेल्या 50 सेंटीमीटरच्या दहा निऱ्या पडतात, प्रत्येक अडीच सेंटीमीटर रुंद. निऱ्या बाहुलीच्या अंगावर घालत बसू नका. साडी उतरवा, त्या भागावर पाण्याचा हात फिरवा, पाटावर निऱ्या घालून कपड्याचे चिमटे लावा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी त्या आपोआप बसलेल्या असतात. इस्त्री करायची असेल तर ती साडीवर, बाहुली लांब ठेवून. व्हिनाइलला इस्त्री टेकली की तिथला आकार गेलाच.

5. निऱ्यांच्या वरच्या टोकाला आडवा धावदोरा घालून ते दाबा, मगच खोचा. पोटाचा फुगवटा यानेच जातो.

6. खालच्या काठाचा मधला भाग उचलून पायांमधून मागे न्या आणि पाठीशी खोचा. कासोटा सैल वाटला तर दोन अदृश्य टाके घाला. साधी लोखंडी टाचणी आत ठेवू नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिला गंज चढतो आणि डाग कापडातून थेट बाहुलीच्या कातडीत उतरतो.

कापडाच्या रंगाचा धोका बहुतेकांना उशिरा कळतो. खणाचं लाल, काळं आणि गर्द निळं कापड व्हिनाइलवर रंग सोडतं, तेही महिनोन्‌महिने हळूहळू. नवं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर अर्धा तास दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ते कापड थेट अंगावर नको, आतून अस्तर लावा. मीठ आणि व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आजच्या बहुतेक रंगांवर त्याचा उपयोग होत नाही.

डाग पडलाच तर औषधाच्या दुकानात मुरुमांसाठी मिळणारं बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल डागापुरतं लावा, वरून पातळ प्लास्टिक लपेटा आणि दोन-तीन तास उन्हात ठेवा. मग पुसून बघा. एका दिवसात जात नाही, पुन्हापुन्हा करावं लागतं. मात्र जेल ओठांच्या रंगाला, केसांना आणि कपड्याला लागू देऊ नका, कारण ते त्यांचाही रंग उडवतं. जास्त वेळ ठेवलं तर मूळ कातडीवर फिकट ठिपका पडतो, आणि तो कायमचा.

दागिने आणि चपला

मण्यांचं काम करणाऱ्याला कोल्हापूरसारखं गाव नाही. साज, ठुशी, बोरमाळ यांचे नमुने गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, काचेआड समोर दिसतात, बघून कागदावर उतरवून घ्या. खऱ्या साजातलं पान दीड सेंटीमीटरचं असेल तर बाहुलीला ते अडीच मिलीमीटरचं लागेल. तेवढं कोरत बसणं वेडेपणा आहे. दीड-दोन मिलीमीटरचे सोनेरी मणी ओवून मध्ये एक लाल मणी ठेवला की दोन हातांवरून तो साजच दिसतो. दोरा नायलॉनचा किंवा रेशमाचा घ्या. रबरी इलास्टिक नको, ते वर्ष-दोन वर्षांत चिकट होऊन व्हिनाइलला लागतं.

तांबं आणि पितळ व्हिनाइलला थेट टेकलं की हिरवा डाग उठतो. जुन्या बार्बीच्या कानाभोवती हिरवट वर्तुळ दिसतं ते धातूच्या कर्णफुलांमुळेच. कानात घालायची तार स्टेनलेस स्टीलची घ्या, आणि धातूचा दागिना कपाटात ठेवताना उतरवून ठेवा.

कोल्हापुरी चपलेची हौस असेल तर बाहुलीचे पाय बघून घ्या. उंच टाचेसाठी वळवलेल्या पायात कोल्हापुरी कधीच बसत नाही. सपाट पायाची बाहुली किंवा बाहुला निवडा. चप्पल लाईनच्या कारागिरांकडे उरलेल्या कातड्याचे तुकडे आहेत का विचारा, पण पाऊण मिलीमीटरपेक्षा जाड तुकडा घेऊ नका. जाड तुकडा मिळाला तर मागच्या बाजूने धारदार ब्लेडने तासावा लागतो आणि त्यात बोट कापलं जातं. तळ दोन थरांचा, पट्टा तीन मिलीमीटरचा, शिवण एकेरी दोऱ्याची. वेणीचा पट्टा या मापात जमत नाही, त्याऐवजी तपकिरी भरतकामाच्या दोऱ्याची तीन पदरी वेणी चिकटवा.

चिकटवायला फेविक्विकसारखा गोंद नको. तो वाळताना जी वाफ सोडतो तिने आसपासच्या व्हिनाइलवर पांढरट साय धरते. कापड आणि कातड्याला साधा पांढरा गोंद पुरतो, फक्त रात्रभर दाबून ठेवायचा धीर हवा.

रंगकाम करणाऱ्यांसाठी

बाहुलीचा चेहरा पुसून नव्याने रंगवायचा असेल तर डोकं कशाचं आहे ते आधी तपासा. दाबलं की थोडं दबतं ते व्हिनाइल. त्यावर नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने कारखान्याचा रंग निघतो. टणक, दाबून न हलणारं डोकं असेल तर ॲसिटोनने ते विरघळून चिकट होतं, तिथे हात लावू नका. केसांवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि कापसाच्या काडीने थोडं थोडं पुसा.

नवा रंग ॲक्रिलिकचा. त्याआधी आणि त्यानंतर मॅट वार्निशचा हलका फवारा लागतो, नाहीतर रंग व्हिनाइलला धरत नाही. हा फवारा जून ते सप्टेंबरमध्ये मारू नका. हवेत ओल असली की वार्निश वाळताना दुधाळ होतं आणि चेहऱ्यावर धुकं बसल्यासारखं दिसतं. कोल्हापुरात हे काम दिवाळीनंतर ते मेपर्यंतचं. पावसाळ्यात शिवा, मणी ओवा, नोंदी लिहा.

तैलरंग आणि टर्पेंटाइन वापरत असाल तर बाहुल्यांचं कपाट त्या खोलीत नको. वाफ लाखेच्या रंगावर आणि प्लास्टिकवर बसते.

फोटो काढताना

कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, म्हणजे बहुतेक वेळा जमिनीवर आडवं व्हावं लागतं. वरून काढला की ती खेळणंच दिसते. मोबाइल अगदी जवळ नेला तर नाक मोठं आणि कान गायब होतात. दीड-दोन फूट मागे जा आणि दुप्पट झूम करा. कॅमेरा असेल तर छिद्र एफ-8 ते एफ-11 ठेवा, नाहीतर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो.

बाहुली रंकाळा तलावावर न्यायची असेल तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. पायाखाली चिकट पुट्टी लावतात, पण ती तासाभरात काढा. तिचं तेल व्हिनाइलमध्ये मुरतं. त्यापेक्षा पारदर्शक मासेमारीचा दोरा कमरेला बांधून मागच्या दगडाला ताणा. उन्हाळ्यात गाडीच्या बंद काचेआड बाहुली ठेवून चहाला जाऊ नका.

किल्ला आणि मावळे

दिवाळीआधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि पापाची तिकटीच्या आसपास मावळे, तोफा, शिवराय घ्यायला झुंबड असते. किल्ला करणाऱ्याच्या घरात हा संग्रह आपसूक वाढतो, फक्त तो टिकवायचा कसा हे कुणी बघत नाही. दर वर्षी निम्मे मावळे किल्ल्याबरोबरच मातीत जातात.

घेताना पाहा: मूर्ती कच्च्या मातीची, भाजलेली की प्लास्टरची. तळाला ओलं बोट फिरवा. बोटाला चिखल लागला तर कच्ची माती. टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर भाजलेली. बोट पांढरं झालं तर प्लास्टर. किल्ल्याची माती चार-पाच दिवस ओलीच राहते आणि तळातून पाणी वर चढतं. म्हणून कच्च्या मातीचे आणि प्लास्टरचे मावळे थेट मातीत खुपसू नका. प्रत्येकाच्या तळाला जाड प्लास्टिकचा गोल तुकडा चिकटवा आणि तो वरून भुश्शाने झाका. हळिवाचं गवत पेरलं असेल तर पाणी फवारताना मावळे उचलून ठेवा.

तुळशीच्या लग्नानंतर ते काढून आठवडाभर सावलीत वाळवा, मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि एकेक वर्तमानपत्राऐवजी धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई रंगावर उतरते.

फिरतीवरच्या बाहुल्या

कोल्हापूरहून आंबोली घाटाने सावंतवाडी एका दिवसात होतं. तिथली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातलं गंजिफाचं (हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं) काम दोन्ही बघून होतं. दक्षिणेकडे जाणार असाल तर कोप्पळजवळचं किन्हाळ आणि बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं चन्नपट्टण लक्षात ठेवा. चन्नपट्टणची कातीव कामाची, लाखेची खेळणी कोरड्या फडक्याने पुसली तरी पुरतात. आंध्रातल्या कोंडापल्लीच्या बाहुल्या मात्र हलक्या लाकडाच्या असतात, आणि त्यांचे सांधे चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडलेले असतात. त्यांना पाणी दाखवू नका, आणि घरी आणल्यावर पहिले दोन महिने बाकीच्या बाहुल्यांपासून वेगळ्या ठेवा. तंजावरची डुलणारी बाहुली आणताना डोकं, धड आणि घेर वेगळे करून गुंडाळा. जोडलेली आणली तर आतली टोकं झिजतात आणि ती डुलायची थांबते.

लाकडी बाहुलीखाली हिंगाच्या पुडीसारखा बारीक भुसा दिसला तर आत भुंगा आहे. रंग किंवा लाख नसलेली लाकडी आणि कापडी बाहुली हवाबंद पिशवीत घालून, आतली हवा काढून, डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर बाहुलीवर दव धरतं. लाखेच्या बाहुलीला हा उपाय नको, लाख तडकते.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर ओली असते. पासष्टच्या वर गेलं की कापडाला आणि केसांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. कपाटात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, अंदाजाने काही कळत नाही. आत 45 ते 55 टक्के राहिलं की निर्धास्त.

काचेचं शोकेस हवाबंद नसतं, म्हणून मेच्या शेवटी निवडक बाहुल्या घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा. चाळीस-पन्नास लिटरच्या डब्यात पाव किलो सिलिका जेल, दोन सुती पुरचुंड्यांत बांधून. ओल पिऊन हिरवं होणारं नारिंगी जेल घ्या. हिरवं झालं की ओव्हनमध्ये 120 अंशाला दोन तास तापवून परत वापरता येतं. तो ट्रे स्वयंपाकाला नको. डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात ठेवू नका, काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडतं.

शोकेसची जागा ठरवताना देवघर आणि स्वयंपाकघर दोन्ही टाळा. उदबत्तीची काजळी आणि फोडणीची वाफ बाहुलीच्या केसांवर जो चिकट थर धरते, तो साध्या धुण्याने निघत नाही. भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर शोकेस तिच्यापासून दोन इंच सरकवून ठेवा.

नोंद, पैसा, वेळ

नोंदवहीत प्रत्येक बाहुलीला क्रमांक, तारीख, किंमत, उंची, कशाची बनली आणि कुठून घेतली एवढं पुरे. क्रमांक बाहुलीच्या अंगावर बॉलपेनने लिहू नका, शाई व्हिनाइलमध्ये पसरत जाते. सुती फितीवर पेन्सिलीने लिहून ती फीत हाताला सैल बांधा.

पैशाचं सांगायचं तर, बाहुल्यांसाठी जेवढे काढाल त्यातले निम्मे डबे, जेल, कापड आणि हत्यारांसाठी राखा. हत्यारं दोन्ही छंदांत वाटून वापरायची नसतात. कापडाच्या कात्रीने कातडं कापलं की ती कात्री कापडाला निकामी होते. नवी बाहुली घ्यायची ती आधीच्या बाहुलीचं हातातलं काम संपल्यावरच. जुनी, वापरलेली घेताना हाताच्या कोपराशी आणि पायाशी बोट लावून बघा. चिकट लागत असेल तर प्लास्टिक मऊ ठेवणारं आतलं द्रव्य पाझरतंय. धुतलं की दोन आठवडे बरं वाटतं, मग परत चिकटतं. ती स्वस्त मिळाली तरी डब्यात एकटीच ठेवावी लागेल, हे धरूनच भाव करा.